नळातले एकेचाळीस व्होल्ट

नळ चावतो, असं सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मला हसू आलं होतं. मी कामावर निघालेले. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने चपलेचा पट्टा लावत होते. त्या मोरीतून हात झटकत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा नळ चावला मला."

"पत्रा निघाला असेल कडेला," मी म्हटलं. "संध्याकाळी बघते, आई."

संध्याकाळी बघितलं. नळ गुळगुळीत होता. मी दोनदा उघडला, दोनदा बंद केला, मला काही झालं नाही. माझ्या पायात रबरी स्लिपर होत्या, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. सासूबाई चप्पल घालून पाण्याला हात लावत नसत. मोरीत कायम अनवाणी, ओल्या पायांनी.

नव्वद साल उजाडायला दोन-तीन वर्षं होती. आम्ही डोंबिवलीत, ठाकुर्लीच्या अंगाला, एका तीन मजली बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचो. घरात तिघंच. मी, माझा नवरा आणि सासूबाई. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. नवरा मुंबईत एका ऑफिसात क्लार्क होता आणि मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टेस्टिंगला होते. कारखान्यात पॉवर सप्लाय आणि बॅटरी चार्जर बनायचे. टेस्टिंगमध्ये सहा पुरुष आणि मी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून लागलेली पहिलीच बाई.

महिनाभरात सासूबाईंना नळाचं चावणं वाढलं. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा. कधी सकाळी, कधी दुपारी. हाताला मुंग्या येतात, कोपरापर्यंत झिणझिण्या जातात, म्हणायच्या. नवऱ्याने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी शुगर तपासली, ती बरी निघाली. मग नसा कमजोर झाल्यात म्हणून इंजेक्शनं लिहून दिली. इंजेक्शनं झाली आणि त्यानंतरच्या सोमवारी त्यांच्या हातातून तांब्या उडाला.

"आई, वयाने होतं असं," नवरा म्हणाला.

"वयाने नळ चावतो होय रे?" त्या एवढंच म्हणाल्या आणि तांब्याचा पोचा बघत बसल्या.

आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, एक साठीची बाई राहायची. बिल्डिंगची जमीन मुळात तिच्या घरच्यांची. शेती गेली, बिल्डरने त्यांना वरच्या दोन जागा दिल्या. सगळे तिला बाय म्हणायचे. दुपारी ती आणि सासूबाई जिन्यात तांदूळ निवडत बसायच्या. सासूबाईंनी तिला नळाचं सांगितलं, तेव्हा तिला जराही नवल वाटलं नाही.

"मना पन चावतंय गो," ती म्हणाली. "ह्या जाग्यावर चिंचचा मोठा झार व्हता. तो तोरला नि बिल्डिंग बांधली. जागेवाला रुसलाय."

सासूबाई कोकणातल्या. त्यांना हे पटायला वेळ लागला नाही. त्यानंतरच्या अमावास्येला दोघींनी मिळून कंपाउंडच्या कोपऱ्यात नारळ ठेवला, उदबत्ती लावली, जागेवाल्याला, म्हणजे जागेच्या राखणदार देवाला, नैवेद्याची राखण दिली. मी कामावरून आले तर भिंतीशी शेंदूर लावलेला दगड आणि त्याच्यापुढे भाताचा गोळा. मुंग्या लागलेल्या. मला ते बघून बरं वाटलं नाही. देवाचं होतं म्हणून नव्हे. दोन वेगवेगळ्या घरांतल्या दोन बायकांना एकाच पाइपाचा नळ चावत होता. याला नसा कशा कारण असतील, हा प्रश्न मी त्या दगडासमोर उभी असताना पहिल्यांदा मला पडला.

आमच्या टेस्टिंगमध्ये व्होल्ट मोजायचा एक मीटर होता. टेबलावर ठेवायचा, डिजिटल. तेव्हा खिशात मावणारे मीटर नुकते दिसायला लागले होते, पण आमच्या सिनियर साहेबांचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. हा मीटर म्हणजे राखाडी पत्र्याची पेटी, बऱ्यापैकी जड, पुढे एक वाकडा दांडा. तो उचलायला धरायचा नाहीतर खाली वळवून मीटरला तिरपं उभं करायचं. समोर काळ्या काचेमागे लाल आकडे. साडेचार आकडी म्हणायचे त्याला, कारण पहिल्या जागी एक तर रिकामं, नाहीतर नुसता एक. खाली चौकोनी बटणांची रांग. डावीकडची बटणं काय मोजायचं ते ठरवायची: डीसी, एसी, ओहम. उजवीकडची रेंज ठरवायची: दोन, वीस, दोनशे, हजार. एक दाबलं की आधीचं खटकन वर यायचं. रेंज छोटी पडली की आकडे लुकलुकायला लागायचे, म्हणजे वरचं बटण दाबा. लाल आणि काळी, अशा दोन वायरी.

त्याचं एक पथ्य होतं. चालू केल्यावर अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. आतलं सगळं गरम होऊन स्थिर झालं की मगच आकडे खरे. साहेब सकाळी आल्या आल्या आधी मीटर चालू करायचे आणि मग चहाला जायचे. रिटायर व्हायला आले होते. कोणी घाईत आधीच वाचलेलं रीडिंग सांगितलं तर लिहून घेत नसत.

मी नवीन असताना त्यांनी मला एक गंमत दाखवलेली. मीटरच्या वायरी कुठेही न जोडता नुसत्या टेबलावर सोडल्या आणि एसीचं बटण दाबलं. आकडे सात, नऊ, बारा असे नाचायला लागले.

"हे काय?" मी विचारलं.

"भूत," साहेब म्हणाले. "हा मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट खात नाही. म्हणून शेजारून जाणाऱ्या वायरीची नुसती सावली पडली तरी हा तिचे व्होल्ट दाखवतो. खरे नसतात ते."

"मग खरे कुठले आणि भुताचे कुठले, कसं कळायचं?"

त्यांनी ड्रॉवरमधून करंटला अडथळा करणारा एक छोटा रेझिस्टर काढून दोन वायरींच्या मध्ये लावला. आकडे झटकन शून्यावर आले. "ओझं टाकायचं," ते म्हणाले. "भूत ओझं उचलत नाही. ओझं टाकूनही आकडा जागचा हलला नाही, तर समजायचं, खरं आहे. मग हात लावायचा नाही."

मी ही गंमत घरी जेवताना सांगितली होती. नवऱ्याला फार आवडलेली. पुढे कितीतरी दिवस तो माझ्या ऑफिसचं काही निघालं की म्हणायचा, "तुमच्या भुतं बघणाऱ्या मीटरचं काय म्हणणं?"

साहेबांना मी नळाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला. "टेस्टर लावून बघितलास?"

"लावला. पेटत नाही."

"साठ-सत्तर व्होल्टच्या खाली तो पेटतच नाही. ओल्या माणसाला तेवढेही लागत नाहीत." मग त्यांनी स्वतःच मीटर घरी न्यायचा गेटपास बनवला. आमच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी असायची, आणि गुरुवारी आमचा टेम्पो डोंबिवलीच्या एमआयडीसीत माल द्यायला जायचा. मी मीटर मांडीवर घेऊन टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसून घरी आले.

शुक्रवारी नवरा ऑफिसला गेल्यावर मी मीटर ओट्यावर मांडला आणि चालू केला. सासूबाई स्टूल ओढून समोर बसल्या.

"याने कळेल?"

"कळेल, आई. अर्धा तास थांबायचं."

त्या खरोखर अर्धा तास एक शब्द न बोलता बसल्या. मी मोरीत ओलं फडकं पसरलं, त्याच्यावर स्टीलचं ताट पालथं घातलं आणि काळी वायर ताटाला चिमट्याने लावली. ताट म्हणजे त्यांचे अनवाणी पाय. लाल वायर नळाला. एसीचं बटण, वीसची रेंज. आकडे लुकलुकायला लागले.

मला वाटलं, बटण चुकलं. दोनशेचं दाबलं. चौतीस. चौतीस पूर्णांक दोन. शेवटचा आकडा हलत होता, बाकीचे उभेच्या उभे.

"किती आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"चौतीस."

"म्हणजे फार?"

मी उत्तर देणार तेवढ्यात आकडा पडला. शून्य पूर्णांक सहा. मी चिमटे काढून पुन्हा लावले, ताट दाबलं, फडक्यावर पाणी ओतलं. शून्य पूर्णांक सहाच. वीसेक मिनिटांनी, मी काहीच न करता, पुन्हा छत्तीस. मग परत काही नाही. दुपारपर्यंत मी वहीत वेळा लिहीत बसले. आला, गेला, आला, गेला. कुणीतरी भिंतीमागे श्वास घेतंय आणि सोडतंय, असं मला वाटायला लागलं होतं, आणि मी डिप्लोमा झालेली बाई होते.

मला ओझं टाकायला हवं होतं. रेझिस्टर मी आणलाच नव्हता. घाईत मीटर आणला, वायरी आणल्या आणि ज्या एका गोष्टीने निकाल लागला असता ती ड्रॉवरमध्ये राहिली.

संध्याकाळी नवऱ्याला वही दाखवली. त्याने ती नीट वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग स्क्रूड्रायव्हरसारखा टेस्टर काढून नळाला लावला.

"पेटला का?" त्याने मला विचारलं.

"अहो, साठच्या खाली तो—"

"पेटला का, ते सांग."

"नाही."

"मग झालं. तूच सांगितलेलंस ना, या मीटरला भुतं दिसतात? आणि हे असं एकदा आहे, एकदा नाही. खरा करंट असा येतो-जातो होय?"

मला स्वतःलाही तेच कोडं होतं. मग तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी पुन्हा आण, नीट बघ. तोपर्यंत कोणाला काही बोलू नकोस. सोसायटीत उगाच बोभाटा नको."

मी बोलले नाही. सासूबाईंना फक्त बजावलं, मोरीत स्लिपर घाला. त्यांनी कुरकुरत घातल्या. वरच्या मजल्यावर जाऊन तेवढंच एक वाक्य बायला सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. शनिवारी मीटर परत नेला. सोमवार गेला.

मंगळवारी मी नेहमीप्रमाणे सातला निघाले. संध्याकाळी आले तर जिन्यात बायका उभ्या होत्या आणि आमचं दार उघडं होतं. सासूबाई पलंगावर भिंतीला टेकून बसलेल्या.

"बाय पडली," त्या म्हणाल्या. "मोरीत. हंडा भरत होती. तिची सून धावत गेली तर हिचा हात नळावरच होता म्हणे. कमरेचं हाड मोडलंय. कल्याणला नेलंय तिला."

"शुद्धीवर होती?"

"होती. पण बोलत नव्हती. नुसती नळाकडे बघत होती, असं सून म्हणाली."

नवरा आला, त्याने ऐकलं आणि बूट न काढता तसाच खुर्चीवर बसून राहिला. कल्याणहून निरोप आला, डॉक्टरांच्या मते बीपी वाढून चक्कर आली. बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी ते मान्य केलं. त्या वयाच्या बायका मोरीत पडतातच.

त्या शुक्रवारी मी मीटर मांडला तो खिशात रेझिस्टर घेऊनच. साहेबांनी निवडून दिलेला, ओल्या अंगाच्या माणसाइतकाच अडथळा करणारा. अर्धा तास थांबले. ताट, फडकं, वायरी. एकोणचाळीस. मी दोन वायरींच्या मध्ये रेझिस्टर लावला आणि आकड्यांकडे बघितलं.

अडतीस पूर्णांक नऊ.

ते भूत नव्हतं. ते ओझं उचलत होतं. रेझिस्टरच्या जागी माणूस असता, तरी आकडा असाच उभा राहिला असता.

तळमजल्यावर पिठाची गिरणी होती. माझा सगळा संशय तिच्यावर. मी खाली जाऊन आले. गिरणीवाला गावाला गेलेला, शटरला दोन दिवस कुलूप. वर आले तोवर आकडा शून्यावर. मी ओट्याला टेकून उभी राहिले. सासूबाई स्टूलावर. घरात एवढी शांतता की मला बाहेर कावळ्याची नखं पत्र्यावर वाजलेली ऐकू येत होती.

आणि मग आमचा फ्रीज सुरू झाला.

कॉम्प्रेसरने एक हिसका दिला, गुरगुरला, आणि त्याच क्षणी काचेमागचे आकडे उसळले. एकशे अठ्ठेचाळीस दिसले मला. मग सत्तर, मग एकेचाळीस. तिथे थांबले.

मी जागची हलले नाही. फ्रीज चालू होता तोवर एकेचाळीस. काही वेळाने तो ठक्कन बंद पडला. शून्य पूर्णांक सहा. मी फ्रीजचं दार उघडून ठेवलं, आतली थंडी जाऊ दिली. सुरू झाला. उसळी, मग एकेचाळीस. मी प्लग काढला. शून्य. प्लग लावला. सासूबाई माझ्याकडे आणि फ्रीजकडे आळीपाळीने बघत होत्या. त्यांना व्होल्ट कळत नसतील, पण प्लग काढला की काय होतंय, ते दिसत होतं.

फ्रीज माझ्या पगारातून घेतलेला होता. बिल्डिंगमध्ये दुसराच. उन्हाळ्यापासून तो नीट गार करत नव्हता, नुसता गुरगुरायचा, आणि नवरा दर रविवारी मेकॅनिक बोलावू म्हणायचा.

मी त्याच्या बोर्डापासून वायर शोधत निघाले. भिंतीच्या तळाशी, ऑइलपेंटच्या थराखाली एक वायर चालली होती. मी ती जागा दर दिवाळीला पुसायचे. वायर मोरीत शिरत होती आणि टाकीवरून येणाऱ्या लोखंडी पाइपाला, पिंपामागे, एका पट्टीने आवळलेली होती. पट्टीवरही रंग मारलेला. मुद्दाम, नीट, पाइपाच्याच रंगाचा.

आमच्या फ्रीजमधून परत जाणारा करंट विजेच्या मीटरच्या वायरीतून न जाता पाण्याच्या पाइपातून जात होता. बिलाच्या मीटरची चकती हळू फिरावी म्हणून. पाइप पूर्वी खाली जमिनीत जायचा, तेव्हा करंट निमूट जमिनीत शिरत असणार. उन्हाळ्यात पंपाकडचा गंजलेला भाग गळायला लागला म्हणून सोसायटीने तो काढून प्लास्टिकचा तुकडा बसवला. त्या दिवसापासून करंटला जमिनीची सरळ वाट उरली नव्हती. थोडा ओल्या भिंतींतून झिरपत होता, बाकी दाब पाइपातच राहत होता, आणि करंट जो ओल्या अंगाने नळ धरेल त्याच्यातून वाट काढत होता.

मी प्लग काढला, वायर पट्टीतून सोडवली आणि तिचं टोक टेपने गुंडाळलं. 

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी मीटर बंद केला नव्हता. त्याने उघडा फ्रीज बघितला, बाजूला ओढलेलं पिंप बघितलं. काहीही विचारलं नाही.

"कधी केलंत?" मी म्हटलं.

"फ्रीज आला तेव्हा." तो दारातच उभा होता. "वायरमन म्हणाला, सगळेच करतात. जमीन म्हणजे जमीन, काही होत नाही म्हणाला."

"मागच्या शुक्रवारी वही वाचलीत तेव्हा कळलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"खरं सांगा."

त्याने पिंपाकडे बघितलं. "शंका आली होती. म्हणून टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही, मग वाटलं… मला वाटलं, नसेल."

"आणि मंगळवारी?"

तो वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. सासूबाई स्टूलावरून उठल्या. मला वाटलं, त्या मुलाला मारणार. त्या त्याच्यासमोर गेल्या आणि फक्त विचारलं, "म्हणजे जागेवाला नव्हता? आपल्याच घरातनं जात होतं तिच्याकडे?"

"आई, बीपीने पडली ती. डॉक्टर म्हणालेत."

"वर जाऊन सांग," त्या म्हणाल्या. "तिच्या मुलाला सांग."

"पोलीस येतील, आई. हिची नोकरी जाईल, माझी जाईल."

"वर जा."

त्या शुक्रवारी तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या ओळखीचा एक म्हातारा वायरमन आणला. त्याने पट्टी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि काम झाल्यावर चहासुद्धा घेतला नाही. कंपाउंडमध्ये खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून त्याने बिल्डिंगला नीट अर्थिंग दिलं. सोसायटीला आम्ही सांगितलं की माझ्या कारखान्यातल्या लोकांनी सुचवलं. सेक्रेटरींनी सभेत माझे आभार मानले. तिसऱ्या शुक्रवारी मी मीटर शेवटचा लावला. शून्य पूर्णांक तीन. तो आकडा बघून मला काहीही वाटलं नाही.

बायला महिन्याने घरी आणली. पलंगावरच. नवरा मोसंबी घेऊन वर गेला आणि दहा मिनिटांत खाली आला. सासूबाईंनी विचारलं, "सांगितलंस?" त्याने मान हलवली, नाही म्हणून. मग मी गेले. जिना चढताना मी वाक्य तयार केलेलं. साधं. बाय, नळात आमच्या घरचा करंट येत होता.

ती खूप बारीक झाली होती. मला बघून तिने पलंगावर हात थोपटला, बस म्हणून.

"आता नय चावत गो तो नल," तीच आधी म्हणाली. "सून सांगतं, हात लावला तरी काय नय. तुझ्या सासूनी राखन दिली ना, त्यान ग्येला तो."

मी तिचा हात हातात घेतला. तिच्या बोटांची टोकं सुरकुतलेली, थंड होती. तयार केलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. सून दारात चहाचा कप घेऊन उभी होती. मी चहा घेतला. कप खाली ठेवला. "आराम करा," म्हणाले आणि उठले.

सासूबाई मात्र रोज जायच्या. तिला भरवायच्या, तिचे पाय चेपायच्या, तिचं अंग पुसायच्या. सुनेला वाटायचं, किती माया. त्या कधी खाली येऊन काही बोलल्या नाहीत. बाय पलंगावरून उठली नाही. पाठीला जखमा झाल्या, ताप यायला लागला, आणि पावसाळा संपायच्या आत ती गेली. सासूबाई त्या दिवशी आमच्या घरी जेवल्या नाहीत. स्वतःच्या मुलाने वाढलेलं ताट त्यांनी बाजूला सारलं.

मग वर्षं गेली. नव्वदीच्या मध्यावर आम्ही ती जागा विकून ठाण्याला, घोडबंदर रोडला नवीन बिल्डिंग होत होती तिथे जायचं ठरवलं. सामान बांधायला बायचा मुलगा आला होता. सरळ माणूस. सगळ्यांच्या लग्नाला आणि मयताला धावणारा. नवरा बाजारात गेलेला. मी गाद्यांना दोरी बांधत होते आणि एकदम बोलून गेले. सगळं. पट्टी, पाइप, एकेचाळीस व्होल्ट. माझा तो पहिला शुक्रवार. न सांगितलेलं वाक्य.

त्याने दोरीची गाठ पुरी केली. मग म्हणाला, "वहिनी, आई पडली त्या दिवशी सकाळी लाइट नव्हती."

मला कळेना.

"लाइटच नव्हती," तो पुन्हा म्हणाला. "म्हणजे नळात कुठून येणार? तुम्ही उगाच जिवाला लावून घेतलं. तिचं बीपीच होतं." आणि त्याने गादी खांद्यावर घेतली आणि खाली गेला.

मी तशीच उभी राहिले. लाइट नव्हती, तर फ्रीज बंद होता. फ्रीज बंद होता, तर पाइपात काही नव्हतं. इतकं सोपं. मी त्या दिवशी सातलाच घर सोडलं होतं, मला माहीत असायचं कारणच नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

"आई, बाय पडली त्या सकाळी लाइट गेली होती का हो?"

त्या थांबल्या नाहीत. वाटी गुंडाळली, खोक्यात ठेवली.

"होती," त्या म्हणाल्या. "मी पंख्याखाली गहू पसरले होते. वर धप्प झालं, तेव्हा नीट ऐकू येईना म्हणून पंखा बंद केला मी."

"नक्की?"

"माझ्या हाताने बंद केला." त्यांनी पुढची वाटी घेतली. "कोण म्हणालं, नव्हती?"

मी सांगितलं कोण. "सगळं ऐकून वर आपलीच गादी उचलली त्याने," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

नवरा बाजारातून आला. जेवायला बसल्यावर मी त्याला बायचा मुलगा काय म्हणाला तेवढं सांगितलं, सासूबाई काय म्हणाल्या ते सांगितलं नाही. त्याने घास खाली ठेवला. "लाइट नव्हती?" त्याने तीनदा विचारलं. मग तो रडला, अगदी लहान मुलासारखा, आणि डोळे पुसून पुन्हा जेवायला लागला. दोन पोळ्या जास्त घेतल्या. सासूबाई त्याला वाढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, आणि मीही नाही.